सिमेंटचे लाकूड : बाक तयार झाले, पण साल पटत नाही

सालपट

नमस्कार मंडळी. दोन वर्षे सिमेंटच्या कुंड्या करून हात थोडा बसला, म्हणून या वेळी मोठे धाडस केले. मधोमध चिरलेल्या ओंडक्यासारखे दिसेल असे चार फुटी बाक घडवायचे, पायांच्या जागी दोन बुंधे द्यायचे आणि टेकायला मागे तीन आडव्या फांद्या लावायच्या, असा बेत होता. आत ८ मिमी जाडीच्या सळया, त्यांवर कोंबडी जाळी, जाळीवर एकास तीन प्रमाणात सिमेंट-वाळूचा माल, आणि माल अगदी ओला असतानाच तारेच्या ब्रशने व खिळ्याने कोरलेली साल, अशी सारी रचना आहे. तिसऱ्या दिवशी माल वाळला असे वाटल्याने गोणपाट काढले आणि लांब उभे राहून पाहिले.

बाक भक्कम आहे, त्यावर तिघे आरामात बसतात. परंतु ते लाकडाचे वाटत नाही. घरातल्या लहान मुलीने ‘या पाइपवर रेघा कोणी मारल्या?’ असे विचारले, आणि तेव्हापासून मलाही पाइपाखेरीज त्यात दुसरे काही दिसेनासे झाले आहे. शिवाय पाठ बैठकीला जिथे मिळते तिथे केसासारखी बारीक भेग गेली आहे आणि पायांवर पांढरे डाग उमटले आहेत. साल पटावी म्हणून काय करावे, भेग का पडली आणि डाग जातील का, असे तीन प्रश्न आहेत. छायाचित्र जोडले आहे. हसून झाले की उत्तर द्यावे.

ओळंबा

छायाचित्र पाहिले. ही साल नव्हे, नांगरलेले शेत आहे. आणि एक दुरुस्ती: सिमेंट वाळत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. तिसऱ्या दिवशी गोणपाट काढलेत तेव्हा मात्र तुम्ही ते खरोखरच वाळवलेत.

जुनी थापी

सालपट, खचून जाऊ नका. माझे पहिले बाक याहून वाईट होते आणि ते आता भिंतीकडे तोंड करून उभे आहे.

तुमची पहिली चूक वेळेची आहे. ओल्या मालावर ब्रश फिरवला की माल ओढला जातो, रेघेच्या दोन्ही काठांना गोलसर ओठ येतात, आणि हे ओठच डोळ्याला ‘हा चिखल आहे’ असे सांगतात. मी काम दोन थरांत करते. पहिला थर जाळीत दाबून भरायचा, तो थोडा आवळला की त्यावर आडवेतिडवे ओरखडे काढायचे आणि रात्रभर ओले गोणपाट घालून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भिजवायचा, त्यावर सिमेंटची स्लरी, म्हणजे सिमेंट-पाण्याचा पातळ घोळ, ब्रशने घासायची, आणि स्लरी ओली असतानाच वरचा १० ते १५ मिमीचा थर चढवायचा. या थरासाठी बारीक चाळलेली वाळू आणि एकास दोन प्रमाण ठेवते. नंतर थांबायचे. अंगठा दाबला तर ठसा उमटावा, पण माल अंगठ्याला चिकटू नये, ही कोरण्याची वेळ. हवेप्रमाणे ती तासाभराने येते किंवा तीन तासांनी येते, आणि आली की फार थांबत नाही. म्हणून एका वेळी एकच फांदी किंवा हातभर बुंधा, एवढेच अंगावर घ्यावे.

वेळ बरोबर साधली की हत्यार ओढल्यावर माल चिखलासारखा सरकत नाही, त्याचे भुरभुरीत कण सुटतात. ते कण लगेच झटकायचा मोह होतो, तो आवरावा. आणखी तासाभराने मऊ कोरड्या ब्रशने ते सहज पडतात आणि खालची धार शाबूत राहते. हत्यारे म्हणाल तर हॅक्सॉच्या (लोखंड कापायच्या करवतीच्या) पात्याचा तुटलेला तुकडा, जुना काटा, बोथट सुरी आणि घासून अर्धा झालेला रंगाचा ब्रश, एवढ्यावर माझे काम चालते.

पानगळ

मी सिमेंटला कधी हात लावलेला नाही, झाडे मात्र रोज पाहते. तुमच्या सालीत मला खटकले ते हे, की सगळ्या रेघा समांतर आहेत. साल फाटते ती खोड आतून जाड होत जाते आणि बाहेरचा मेलेला थर ताणला जाऊ शकत नाही म्हणून. त्यामुळे भेगा मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळत्या असतात, दोन भेगा एकमेकींना मिळतात, पुन्हा फुटतात, आणि त्यांच्यामध्ये लांबट चौकटींसारखे उंचवटे उरतात. बुंध्याशी भेगा खोल असतात, वर कोवळ्या फांदीकडे जाताना त्या उथळ होत जवळजवळ नाहीशा होतात. तुमच्या पाठीच्या फांदीवर आणि पायांवर एकाच खोलीच्या रेघा आहेत. असे एकही झाड मला दाखवता येणार नाही.

गाठ काढताना नुसते वर्तुळ काढू नका. वाहत्या पाण्यात दगड आला की प्रवाह दोन्ही बाजूंनी वळून पुढे पुन्हा एक होतो, तशा लाकडाच्या शिरा गाठीभोवती वळलेल्या दाखवाव्या लागतात. आणि फांदी जिथे खोडातून निघते तिथे खोडाला सुजल्यासारखा कडा असतो, सालीला सुरकुत्या पडलेल्या असतात. तुमची फांदी बुंध्याला निव्वळ चिकटवलेली दिसते.

शंकेखोर

कोरण्याच्या युक्त्या वाचल्या, पण मूळ प्रश्न कोणीच विचारत नाही, म्हणून विचारतो. सिमेंटला लाकूड व्हायला कशाला लावायचे? काँक्रीट ओतीव आहे, हवा तो आकार घेते, त्याचे स्वतःचे एक सौंदर्य आहे. लाकडी बाक हवे असेल तर लाकडाचे करावे, काँक्रीटचे हवे असेल तर ते काँक्रीटसारखे दिसावे. बसणाऱ्याला फसवण्यात कसली कला आहे, हे मला कळलेले नाही.

घमेले

शंकेखोर, तुम्ही ज्या काँक्रीटच्या स्वतःच्या सौंदर्याबद्दल बोलता, त्या सळईच्या काँक्रीटचे एक मूळ बागेतच आहे. जोझेफ मोनिए हा फ्रेंच माळी. झाडांसाठीच्या सिमेंटच्या कुंड्या तडकू नयेत म्हणून त्याने आत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली तिचे पेटंट घेतले. पुढे १८७५ साली त्याने शाझले येथे सळईच्या काँक्रीटचा पूल बांधला, जो जगातला असा पहिला पूल मानला जातो, आणि त्या पुलाचे कठडे चक्क झाडाच्या फांद्यांसारखे घडवलेले आहेत. १८६७ मध्येच खुल्या झालेल्या पॅरिसच्या ब्युत-शोमों उद्यानातही सिमेंटच्या फांद्यांचे कठडे आहेत. या कामाला फ्रेंचमध्ये ‘फो ब्वा’ म्हणतात, म्हणजे खोटे लाकूड. फसवणूक लपवायची असती तर नाव तरी निराळे ठेवले असते.

जपानीत अशाच कामाला ‘गिबोकू’ म्हणतात. अमेरिकेत हे काम नावारूपाला आणले ते मेक्सिकोत जन्मलेल्या दिओनिसिओ रॉद्रिगेस (१८९१-१९५५) याने. सॅन अँटोनिओच्या ब्रॅकेनरिज पार्कमधला त्याचा पादचारी पूल आणि नॉर्थ लिटल रॉकची जुनी गिरणी यांची छायाचित्रे सालपट यांनी जरूर पाहावीत. तो आपले रंगाचे मिश्रण कोणाला पाहू देत नसे. त्यामुळे आपल्यावर धागे काढून विचारण्याची वेळ आली.

ओळंबा

कार्ले आणि भाजे येथील चैत्यगृहे आठवा. कातळात कोरलेल्या लेण्याला लाकडी तुळयांची गरज नव्हती, तरी तिथे लाकडी बांधणीची हुबेहूब रूपे दगडात कोरली आहेत आणि छताला खऱ्या लाकडाच्या कमानीही बसवल्या आहेत. दोन हजार वर्षांत कोणी फसवणुकीची तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

शंकेखोर

लेण्यांचा दाखला मान्य, पण तो माझ्याच बाजूने जातो. त्या कारागिरांनी लाकडाची बांधणी दगडात आणली: तुळई कशावर टेकते, कमान कुठून उठते, ते त्यांना ठाऊक होते. इथे बांधणी पाइपाची आहे आणि वर सालीचे कातडे पांघरले आहे. मला खोटे वाटते ते हे.

जुनी थापी

शंकेखोर यांच्याशी माझे क्वचितच पटते, पण हे त्यांनी नेमके पकडले आहे आणि सालपट यांच्या पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यातच आहे. साल सर्वांत शेवटी येते. जाळी बांधताना सांगाडाच झाडासारखा असावा लागतो. खोड कुठेही अगदी गोल नसते, ते एका अंगाला चपटे असते, खाली मुळांकडे पसरते, मधेच जरासे वळते. तुम्ही सळयांची गोल कडी करून त्यावर जाळी गुंडाळली असणार, मग त्यावर कितीही सुंदर साल कोरली तरी पाइपच दिसणार. जाळी बांधून झाली की माल चढवण्याआधी संध्याकाळच्या तिरप्या उजेडात वीस पावले लांब जाऊन पाहा. तेव्हाच झाड दिसले पाहिजे.

सालपट

कडीच केली होती, आणि तीही बादलीभोवती वाकवून. आता मुकाट्याने पुढचे वाचतो.

आडवी सळई

भेगेबद्दल लिहितो, कारण तिच्याकडे कोणी वळलेले नाही आणि सालीपेक्षा ती महत्त्वाची आहे. काँक्रीट दाबाला जितके सोसते त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकेच ताणाला सोसते. माणूस मागे रेलला की पाठ बैठकीला मिळते त्या रेषेवर पुढच्या बाजूने ताण येतो, आणि तो पूर्णपणे सळईनेच घ्यायचा असतो. पाठीच्या सळया बैठकीच्या सळयांना नुसत्या तारेने टेकवून बांधल्या असतील तर तिथे भेग पडणारच. सळई पायातून निघून, बैठकीतून वाकून, पाठीच्या टोकापर्यंत अखंड जायला हवी. अखंड सळई मिळत नसेल तर दोन सळया एकमेकींशेजारी व्यासाच्या निदान ४० ते ५० पट लांबीपर्यंत जोडीने जायला हव्यात. ८ मिमीच्या सळईसाठी हे अंतर ३२ ते ४० सेंटीमीटर होते.

दुसरे कारण पाणी. हाताला मऊ लागावा म्हणून मालात पाणी वाढवले जाते, आणि जास्तीचे पाणी उडून गेले की माल आकसतो. ५० किलोच्या गोणीला २० ते २२ लिटर पाणी पुरे. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. त्यावर किमान सात दिवस ओलावा टिकला पाहिजे. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात, तुम्ही तिसऱ्या दिवशी तिघांना बसवलेत.

भेग केसाएवढीच आहे तोवर ती भरून घ्या. पाणी सळईपर्यंत गेले की गंज धरतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि मग आतूनच पोपडे उडतात. जाळीवर सगळीकडे १० ते १५ मिमी माल असायला हवा, आणि हे मोजताना तुमच्या कोरलेल्या भेगेच्या तळापासून मोजा.

उंबरठा

वजनाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून स्वतःची फजिती सांगतो. मी घरातच, निवांत, पंख्याखाली बसून ओंडक्यासारखे बैठे आसन केले: ४० सेंटीमीटर रुंद, ४५ सेंटीमीटर उंच, आणि भरीव. पूर्ण झाल्यावर हलवायला गेलो तेव्हा हिशेब केला. घनमीटरला २४०० किलो धरले तर ते सुमारे १३५ किलोचे होते. दारातून निघाले असते, पण दारापर्यंत नेणार कोण? आज चार वर्षे झाली, त्याच्यावर टेलिफोन ठेवलेला आहे.

आडवी सळई

उंबरठा, तेच आसन ४ सेंटीमीटर जाडीचे पोकळ केले असते तर साधारण ५५ किलोत झाले असते आणि बसणाऱ्याला फरकही कळला नसता. जाळी आणि पातळ थर यांचे सारे शहाणपण एवढ्यातच आहे.

पानगळ

सिमेंट कमी लागते हाही मुद्दा आहेच. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनातील ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटचा धरला जातो. झाड वाचवले म्हणून आपली पाठ थोपटणाऱ्यांनी भरीव ओंडके ओतू नयेत.

करडा रंग

पांढऱ्या डागांचे उत्तर देतो. सिमेंटमधला मोकळा चुना पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि चुनखडीसारखी पांढरी पूड मागे ठेवतो. आधी कोरड्या ताठ ब्रशने घासा. बहुतेक डाग जातील, काही पुन्हा येतील, पुढे येणे कमी होत जाईल. घाईने त्यावर रंग चढवू नका, नाहीतर पूड रंगालाच ढकलून बाहेर काढते.

रंगाविषयी माझे एक ठाम मत आहे. नवशिके लाकूड म्हणजे तपकिरी असे धरून चालतात आणि संपूर्ण बाक चॉकलेटी करून टाकतात. उन्हापावसात राहिलेले लाकूड बाहेरून करडे होते. सिमेंटचा स्वतःचा रंग निम्मे काम फुकट करत असताना तो झाकायचा कशाला? मी वरच्या थरात पिवळा आणि काळा लोह-ऑक्साइड (रंगाची भुकटी) अगदी थोडा मिसळतो, सिमेंटच्या वजनाच्या २-३ टक्के. १० टक्क्यांच्या वर तर कधीच जाऊ नये, कारण पुढे रंग फारसा गडद होत नाही आणि माल मात्र दुबळा होतो. घट्ट झाल्यावर काळपट पातळ रंग सगळीकडे लावायचा आणि उंचवट्यांवरून लगेच ओल्या स्पंजने पुसून घ्यायचा. भेगांत तो राहतो आणि साल दुप्पट खोल वाटू लागते. लाल-पिवळी छटा फक्त कापलेल्या टोकावर द्यावी, कारण ताजे लाकूड तिथेच दिसते.

ओळंबा

कापलेल्या टोकाचा विषय निघालाच आहे तर छायाचित्रातली दुसरी चूक सांगतो. वर्तुळे कंपासने काढल्यासारखी मधोमध आणि सारख्या अंतरावर आहेत. गाभा बहुधा एका अंगाला सरकलेला असतो, वर्तुळे कुठे दाट तर कुठे विरळ असतात, आणि लाकूड सुकताना पडणाऱ्या भेगा किरणांसारख्या आतबाहेर जातात. शिवाय कडेला सालीची जाडी वेगळी दिसायला हवी.

घमेले

ओळंबा यांच्याकडे कधीतरी एखादे बाक नेऊन दाखवावे म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप परत आणावे.

जुनी थापी

कोरणे राहिले बाजूला, हातमोजे घाला. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते, आणि त्याने त्वचा भाजते ती लगेच कळत नाही. कोरताना बोटाने धार गुळगुळीत करायची माझी सवय होती; संध्याकाळी बोटांच्या टोकांची कातडी गेलेली असायची आणि मी वाळूला दोष द्यायची. सिमेंट कालवताना आणि घट्ट झालेला माल घासताना मास्कही हवा, कारण ती धूळ फुप्फुसात बसते.

आणखी एक, बैठकीवर साल कोरू नये. बैठक चिरलेल्या फळीसारखी असावी, उथळ उभ्या शिरांची, आणि ४० सेंटीमीटर रुंदीला ८ मिमी तरी उतार असावा. खोल साल पाणी धरते, आणि बसणाऱ्याच्या पाठीमागे तिचा ठसा उमटतो तो निराळाच.

शंकेखोर

उतार, ठसा, गाभा सरकलेला. एवढे झाड पाहायला लागणार असेल तर माझा विरोध मी मागे घेत नाही, पण आवाज कमी करतो.

सालपट

दीड महिन्याने परत येत आहे. थापीताई, आपले आणि सर्वांचे आभार. जुन्या बाकाची भेग रुंद करून भरली, सळयांचे ऐकून पाठ काढून टाकली, आता ते बिनपाठीचे आहे आणि पांढरे डाग निम्म्याने कमी झाले आहेत.

नवे बाक करण्याआधी आडवी सळई यांच्या हिशेबाने एक पोकळ ओंडका केला. सांगाडा करताना बादली दूर ठेवली. पहिले दोन दिवस कोरण्याची वेळ चुकली: एकदा आधी गेलो, एकदा जेवून आलो तोवर माल दगड झाला होता, आणि तो सगळा थर छिन्नीने काढावा लागला. तिसऱ्या वेळी हॅक्सॉच्या पात्याने भुरभुरीत कण सुटू लागले तेव्हा थापीताई कशाबद्दल बोलत होत्या ते हाताला कळले. खाली खोल आणि वर उथळ, अशा मिळत-फुटत जाणाऱ्या भेगा काढल्या. फांदी तोडल्याची एक खूण ठेवली, तिच्याभोवती सुजलेला कडा दिला आणि शिरा वळवल्या. सगळ्या ओंडक्यात तेवढी वीतभर जागा मला खरी वाटते. उरलेला भाग अजून सिमेंटच आहे, पण निदान पाइप नाही. तीन आठवडे गोणपाट ओले ठेवले आणि पूर्ण वाळल्यावरच छायाचित्र काढले आहे.

ओळंबा

गाभा सरकवलात, उत्तम. कडा पटली. ‘वाळल्यावर’ नव्हे.